तिथं एकदाच इचारतात

हुडकेश्वरले मागच्या गल्लीत शालिकराम घोरमाडे राहते. नागपुरात तुमी कोणाच्या लग्नात पंगतीले बसले असान, तं त्याच्या हातचं जेवलेच असान. शिजवत नाही बरं तो, वाढते. भैयाजीचं केटरिंग हाये, त्यात चाळीस जण वाढणारे, त्या सगळ्यायच्या वरती शालिकराम. पांढरा कुर्ता, डोक्याले रुमाल अन् हातात वरणाची बालटी. मूळचा काटोलकडचा. विसाव्या वर्षी एका लग्नात पाणी वाढाले म्हणून आला, त्याले पंचवीस वर्सं झाले. तवापासून पंगत काही त्याची सुटली नाही.

आता बफे आले. लोकं उभ्या-उभ्यानं खाते, घोड्यावाणी. तरी ज्याले पंगत पाहिजे तो भैयाजीले पहिले हेच इचारते, शालिकराम येईन का? कारण त्या माणसाच्या डोळ्यात इद्या हाये. आपल्याकडं कोणी ‘घ्या’ म्हणलं का आपण ‘नको’ म्हणतो. पोटात आग पडली असली तरी नको. पहिल्याच बारीले घेतलं तं लोकं म्हणतीन, काय भुकेजला होता बाप्पा. दुसऱ्या बारीले म्हणाचं, ‘नाही जी, झालं.’ तिसऱ्या बारीले घेतलं का मंग ते शोभते. हे लहान लेकरालेही मालूम हाये. पण कोणाचं नको खरं अन् कोणाचं खोटं, हे वाढणाऱ्याले समजलं पाहिजे ना?

तो नव्या पोट्ट्यायले शिकवते, “तोंडाकडं पाहू नको गा, हाताकडं पाहा. ताटावर हात धरला अन् बोटं चिकटून हायेत, तं खरंच नको. पुढं चाल. बोटायमंदी फट दिसली, तं वाढ बिनधास्त. बोटावर पडलं तरी तो हसंन, रागावणार नाही.”

हेच त्याचं शिक्षण. शाळा पाहाल तं चौथीपर्यंत.

त्याले एकच पोरगी, रितिका. शोभाताई म्हणजे त्याची बायको, घरी पापड-कुरड्या करते. पोरगी बारावीले होती, मार्क चांगले पडत होते, अन् एक दिवस जेवता-जेवता म्हणे, “बाबा, मले हॉटेल मॅनेजमेंट कराचं हाये. डिग्री. बाहेरच्या देशात.”

शोभाताईचा घास हातातच राह्यला. “हॉटेलात कप धुवाले डिग्री लागते का वं?”

“कप नाही वं मम्मी. पाहुणा दारात आला तवापासून तो जाईपर्यंत सगळं कसं पाहाचं, ते शिकवतात. चार वर्सं.”

“चार वर्सं?” शालिकराम म्हणे. “मी तं पोट्ट्यायले चार दिवसात शिकवतो.”

“मंग तुमाले डिग्री काहून नाही देल्ली कोणी?” पोरगी म्हणे. तिघंही हासले. पण शालिकरामचं हासू लवकर सरलं. त्याले दिसलं का पोरीनं हे आज नाही ठरवलं, लय दिवसायपासून मनात हाये.

तिनं तीन कॉलेजचे कागद काढून आणले होते. एक नागपुरातलंच, घरून जा-ये करता येईन असं. एक दुबईचं, त्याच्यावर आभाळाले टेकलेल्या काचेच्या बिल्डिंगी. शालिकरामले ते पसंत होतं, कारण कन्हानचा त्याचा दोस्त सुशील दुबईले ड्रायव्हर हाये, पोरीले कमी-जास्त झालं तं धावून जाईन. तिसरं आयर्लंडचं. आयर्लंड म्हणजे लंडनच्या पलीकडं, समुद्रात. तिथल्या एका लहानशा गावातली युनिव्हर्सिटी. तिचं सोताचं गेस्ट हाउस हाये बावीस खोल्यायचं, अन् ते पुरं शिकणारे पोरंच चालवतात.

“मले हे पाहिजे,” रितिकानं बोट ठेवलं.

“काहून? दुबई काय वाईट हाये?”

“दुबईवाले पहिल्या दिवशी कोट-टाय देतात. हे लोकं पहिल्या आठवड्यात काहीच काम देत नाहीत. पाहुणा बनवून ठेवतात. नवा पोरगा असो का पोरगी, गेस्ट हाउसमंदी राहाचं, जेवाचं, अन् पाहुणा म्हणून काय खटकलं ते लिवून द्याचं. मंग शिकवणं सुरू.”

शालिकरामले ते लयच पटलं. वाढणाऱ्यानं आधी पंगतीत बसून पाहावं, हे तो पोट्ट्यायले किती येळा बोलला असन. सोता मात्र कधी बसला नाही. भैयाजी हरेक लग्नात हाका मारते, “शालिक, बस गा दोन घास.” हा म्हणते, “होऊ द्या पाहुण्यायचं.” मंग शेवटी डेगीपाशी उभा राहून जे उरलं ते खाते.

तं असं ते आयर्लंड ठरलं. फीच्या कर्जाले बँकेनं हाव म्हणलं होतं. पण तिथलं राहणं अन् खाणं, ते यायच्या आवाक्यात काही बसत नव्हतं. त्याच्यावर एकच रस्ता होता. दर वर्षी सहा पोरायले गेस्ट हाउसमंदीच खोली अन् दोन येळचं जेवण देतात, त्यायनं संध्याकाळी तिथं काम कराचं. त्या सहात नाव आलं तं पोरगी जाईन. नाही आलं तं नागपूरचं कॉलेज. इतकं साफ होतं ते, अन् घरात तिघायलेही मालूम होतं.

मुलाखत एप्रिलात झाली, लॅपटॉपवर, दुपारी तीन वाजता. शोभाताईनं समोरची खोली तीनदा पुसली. कूलरचा लय आवाज येते म्हणून रितिकानं कूलर बंद केला. नागपूरचा एप्रिल अन् कूलर बंद, तुमीच समजा. शालिकरामनं लग्नातला पांढरा कुर्ता घातला होता, तो पाठीले चिकटला. मोहित म्हणजे त्याचा भाचा, त्याचा लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. शोभाताईनं लॅपटॉपपुढं पाण्याचा गिलास अन् संत्रा बर्फीची प्लेट आणून ठेवली.

“मम्मी, ते कोण खाईन?”

“खावो का न खावो. पाहुण्यापुढं रिकामा टेबल ठेवाचा का वं?”

रितिकाचं पाऊण तास चाललं. ती इंग्रजीत बोलत होती अन् हे दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. समजत काही नव्हतं, पण पडद्यावरची कॉलेजची मॅडम हासली का हेही हासत. मंग मॅडमनं मायबापाले बोलावलं अन् पोरीले बाहेर जाले सांगतलं. पोरीसमोर मायबाप खरं बोलत नाहीत म्हणे. रितिका अंगणात गेली.

मॅडम पिकल्या केसायची, गळ्यात दोऱ्याले चष्मा. बाजूच्या चौकोनात दिल्लीवाला एक साहेब, मॅडमचं इंग्रजी हिंदीत सांगाले अन् यायचं तिले सांगाले. पोरीले इतक्या दूर पाठवाले तुमी राजी हाये का, इचारलं. हे म्हणे हाव. मंग साहेब म्हणे, “शालिकरामजी, मैडम को रितिका बहुत पसंद आई. गेस्ट हाउस में कमरा और खाना हम उसको दे सकते हैं. आप लेना चाहेंगे?”

शालिकरामची छाती भरून आली. ज्याच्यासाठी पंधरा दिवस देवाले हात जोडले, ते समोरून चालत आलं. अन् त्याच्या तोंडातून काय निंघालं? जे कोणाच्याही तोंडातून निंघालं असतं तेच.

“अरे नहीं नहीं साब! आप काहे को तकलीफ करते? आपने बच्ची को इतना बोला वही बहुत है. रहने दीजिए, हम देख लेंगे.” असं म्हणून त्यानं हात जोडले. शोभाताईनंही पदर सावरून मान हलवली, नको नको.

दिल्लीवाला साहेब जरा थांबला. यायच्याकडं पाहत राह्यला. मंग मॅडमले इंग्रजीत काही बोलला. मॅडमनं मान डोलावली अन् कागदावर लिवून घेतलं. हे दोघं थांबून. आता दुसऱ्यांदा इचारतीन. मॅडम हासली, ‘थँक्यू’ म्हणली अन् पडदा काळा झाला.

“संपलं का जी?”

“संपलं वाटते.”

“दुसऱ्यांदा नाही इचारलं त्यायनं.”

“इचारतीन ना. मोठे लोकं, घाईत असतीन. फोन करतीन.”

“आपण बरोबर बोललो ना जी?”

“एकदम बरोबर. पहिल्याच बारीले हाव म्हणलं असतं, तं काय म्हणली असती ती बाई? घरी खायाले नाही म्हणून पोरीले पाठवून राहिले.”

रितिका धावत आत आली. “काय इचारलं? खोलीचं निंघालं का?”

“निंघालं ना. देतीन,” शालिकराम म्हणे. अन् तो खोटं नव्हता बोलत, त्याले तसंच वाटत होतं.

तवापासून त्याचा जीव फोनमंदी अडकला. कुर्त्याच्या खिशात फोन, दर दोन मिनटाले काढून पाहे. वरणाच्या हातानं धरून-धरून फोन पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी एक फोन आला तं हा ताठ उभा राहून म्हणे, “बोला साहेब, नमस्कार.” तिकडं इन्शुरन्सवाली पोरगी. इतका मान भेटल्यावर तीच घाबरून गेली अन् फोन ठेवून देल्ला. पोट्टे हासले, हा नाही हासला. तिसरा दिवस गेला. जेवण कमी झालं त्याचं. शोभाताई रोज इचारे, “आला का?” हा म्हणे, “येईन.” ते ‘येईन’ रोज बारीक होत चाललं.

चौथ्या दिवशी कन्हानले लग्न होतं. पंगतीत एक म्हातारबुवा, ताटावर हात, बोटं घट्ट चिकटलेले. अन् शालिकरामनं त्याच्या हातावर पुरं पळीभर वरण वतलं. बुवा ओरडला. भैयाजी धावत आला.

“काय गा शालिक, डोळे गेले का? बोटं नाही दिसले तुले?”

पंचवीस वर्सात असं नव्हतं झालं. शालिकराम बुवाचा हात पुसता-पुसता थांबला. त्याच्या डोक्यात एकदम आलं, त्या मॅडमनं माहे हात पाह्यले. अन् मी तं हात जोडले होते. जोडलेल्या हाताचे बोटं चिकटूनच असतात ना. कुठून दिसन फट?

तो घरी आला तं रितिका उंबरठ्यावर बसून होती, मोबाइल मांडीवर. मेल आला होता. तिनं वाचून दाखवला, एक-एक शब्द मराठीत करून. सीट पक्की. पण तुमच्या घरच्यायच्या इच्छेनुसार गेस्ट हाउसची खोली यादीतल्या पुढच्या मुलीले देण्यात आली हाये. सीट घेता का नाही, ते सोमवारपर्यंत कळवा.

“घरच्यायच्या इच्छेनुसार,” ती पुन्हा म्हणे. “बाबा, तुमी नको म्हणलं?”

“तसं नाही वं… आपण म्हणतो तसं म्हणलं. पहिल्या बारीचं.”

“मम्मी, तू तं होती ना तिथं?”

“मीही मान हलवली,” शोभाताई म्हणे, अन् पदर तोंडाले लावला.

रितिका रडली नाही, ओरडली नाही. उठली, नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म काढला अन् भराले बसली. त्याची शेवटची तारीख शनिवार. शालिकरामले ते पाहवलं नाही. आरडाओरड केली असती तं बरं झालं असतं.

“रितिका, त्या साहेबाले फोन लाव.”

“मी नाही लावत. काय सांगू त्यायले? आमच्याकडं नाही म्हणजे हाव असते?”

“तू नको सांगू. लावून दे फक्त. मी बोलतो.”

पण मांगाचं कसं, हेच त्याले येत नव्हतं. जनमभर दुसऱ्याच्या मनातलं ओळखून वाढलं, सोताच्या मनातलं कधी काढून ठेवलं नाही. त्यात ती खोली आता दुसऱ्या कोणाच्या पोरीले देल्ली होती. वाढलेल्या ताटातून उचलाचं नाही, हे तं तो पहिल्या दिवशी शिकला होता.

साहेबानं फोन उचलला. सगळं ऐकलं. मंग म्हणे, “मुझे तो उसी वक्त लगा था, शालिकरामजी. पर मेरा काम इतना ही है, आप जो बोलें वही आगे बोलना. वहाँ एक बार पूछते हैं. ना बोला तो ना.”

“साब,” शालिकराम म्हणे. शोभाताईनं पाठीवर हात ठेवला. “साब, मेरे को चाहिए. मेरी बच्ची को कमरा चाहिए, खाना चाहिए. मगर जिसको दे दिया उसके ताट से मत उठाइए. कुछ बचा, तो पहले हमको पूछिए.”

साहेब म्हणे, शुक्रवारी चार वाजता सांगतो.

तीन दिवस काढले त्यायनं, कसे काढले त्यायलेच माहीत. शोभाताईनं कुरडईचा चीक दोनदा करपवला. रितिका भरलेला फॉर्म पर्समंदी घेऊन फिरे, देत नव्हती अन् फाडतही नव्हती. शुक्रवारी शालिकरामचं काम लग्नाच्या लॉनवर होतं. ती त्याच्यासंगं गेली. खुर्च्या लावून राहिले होते, टेबलावर कागद आंथरून राहिले होते, अन् हे दोघं बापलेक मांडवाच्या खांबापाशी उभे, मंदी फोन.

चार वाजून दहा मिनटं झाले. वाजला.

साहेब म्हणे, सहाही खोल्या गेल्या. त्या पोरीनं इचारल्याबरोबर हाव म्हणलं. शालिकरामनं खांब धरला. साहेब पुढं म्हणे, पण मॅडमनं अखीन एक गोष्ट सांगतली हाये. लॉन्ड्रीच्या वर एक लहान खोली हाये, दोघींमंदी एक. काम संध्याकाळचं नाही, नाश्त्याचं, सकाळी पाच वाजता उठून. जेवण भेटन. ते दुसऱ्या वर्षाच्या पोरायले देतात, पण मॅडम म्हणते का जर…

“चाहिए साब!” शालिकराम ओरडला. “हाव! येस! चाहिए!”

लॉनवरचे चाळीसही जण वळून पाहाले लागले.

“बाबा, पुरं ऐकून तं घ्या,” रितिकानं त्याचा हात धरला. “अन् जाचं मले हाये. मले इचारलं का कोणी?”

खरं होतं तिचं. फोनवर साहेब थांबून, लॉनवर पोट्टे थांबून. त्यानं पोरीकडं पाह्यलं. लॉन्ड्रीच्या वरची खोली, पहाटे पाच, बाहेर पाऊस अन् थंडी, अन् ओळखीचं एक माणूस नाही. त्याले वाटलं, नाही म्हणंन आता. वाटलं, नाही म्हणली तं बरंच होईन का? अन् दोन्ही गोष्टीयची सारखीच धडकी भरली.

“तुले पाहिजे का?” त्यानं इचारलं. एकदाच. अन् थांबला.

ती पर्सवर हात ठेवून उभी. भैयाजी दुरून हाक मारून राह्यला, तं संगं वाढाले आलेल्या मोहितनंच त्याले चूप केलं.

“हाव,” रितिका म्हणे.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. विमानतळावर शालिकरामनं तिले दुसरं काही सांगतलंच नाही. “तिथं एकदाच इचारतात वं. पहिल्याच बारीले हाव म्हणजो. लाजू नको. उपाशी राहशीन.” हे तो गाडीत बोलला, दारात बोलला, अन् ती आत गेल्यावर काचेतूनही हातवारे करून बोलला. शोभाताई म्हणे, “अजी, पुरे. पोलीस पाहून राहिले.”

पहिला आठवडा पाहुणा बनून राहाचा होता. रविवारी तिचा फोन आला. इथं संध्याकाळचे साडेसात, तिथं दुपारचे तीन, जेवण आटपलेलं. शालिकराम लॉनवर, पंगत बसाच्या तयारीत, बालटी भरलेली.

“बाबा, खटकलं ते लिवून देल्लं मी.”

“काय लिवलं?”

“लिवलं का इथं एकदाच इचारतात.”

“काहून लिवलं वं तसं? नाराज होतीन ना त्या! मॅडम काय म्हणली?”

“काहीच नाही. वाचलं, अन् ठेवून देल्लं.”

हे ऐकून त्याचं टेन्शन अखीन वाढलं. पण पोरीचा आवाज त्याले जरा बसका वाटून राह्यला होता. 

“जेवली का?”

“हाव.”

“जेवली ना बरोबर?”

“हाव बाबा, जेवली.”

फोनवर हात दिसत नाही, बोटं दिसत नाहीत. त्यानं अखीन एकदा इचारलं, “जेवली का वं, माय माही?”

तिकडून बारीक आवाजात, “सूप होतं. अन् ब्रेड. अखीन पाहिजे होता, पण पुन्हा कोणी घेऊन आलंच नाही.”

“मंग उठ. जा अन् मांग.”

“आता? सगळे उठले बाबा. किचन आवरून राहिले ते लोकं.”

“आत्ताच जा. मी फोन धरून हाये.”

“शालिक!” भैयाजी ओरडला. “पंगत बसली गा! वरण कुठं हाये?”

शालिकरामनं बालटी खाली ठेवली अन् एक हात वर केला, थांबा म्हणून. दुसऱ्या हातानं फोन कानाले घट्ट धरला. तिकडं चपलायचा आवाज आला, मंग दार उघडल्याचा. मंग कोणी बाई काही बोलली अन् रितिका इंग्रजीत काही बोलली. एक अक्षर त्याले समजलं नाही. दोनशे माणसं ताटावर बसून राहिले होते, अन् तो तसाच उभा. थोड्या येळानं तिकडं टेबलावर प्लेट ठेवल्याचा आवाज आला.